'व्होटर आयडी'ला 'मतदार ओळखपत्र' म्हणावं का?

रानजाई
अमेरिकेतल्या मतदानाच्या कायद्यांवरचा एक लांब लेख मराठीत आणते आहे. आपल्या वृत्तपत्रांत 'व्होटर आयडी लॉ'ला सर्रास 'मतदार ओळखपत्र कायदा' म्हणतात. लेखात पुढे असं येतं की लाखो नोंदणीकृत मतदारांकडे आयडी नाही. तिथे 'लाखो मतदारांकडे मतदार ओळखपत्र नाही' असं लिहिलं, तर आपला वाचक म्हणेल, मग तहसीलमध्ये जाऊन काढून घ्यावं की. मला ते पटत नाही. 'ओळखविहीन', 'विनाओळखपत्र', 'ओळखपत्र नसलेले' यांतलं काय घ्यावं? आणि त्या कायद्याला काय म्हणावं?

मिडवेस्टकर
'मतदार ओळखपत्र' नकोच. आपल्याकडे ते एक ठरावीक कार्ड आहे. शेषन यांच्या काळात, १९९३ पासून, निवडणूक आयोग ते देतो. अमेरिकेत निवडणुका राज्यं आणि काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखे विभाग) घेतात, त्यामुळे देशभर एकच असं कार्ड नाही. नोंदणी झाली की बऱ्याच काउंटी पोस्टाने एक साधं कार्ड पाठवतात. त्यावर फोटो नसतो, आणि टेक्साससारख्या राज्यात ते एकटं दाखवून मत देता येत नाही. जॉर्जिया, अलाबामा अशा थोड्या राज्यांत मतदानासाठीचं फोटोचं कार्ड मोफत मिळतं, पण ते दुसरं मान्य ओळखपत्र नसणाऱ्यांसाठी आणि मागून घ्यावं लागतं.

म्हणून तिथे 'व्होटर आयडी' म्हटलं की डोळ्यांसमोर कार्ड येत नाही, अट येते: केंद्रावर मान्य यादीतलं एखादं ओळखपत्र दाखवा. बहुतेकांच्या बाबतीत ते ड्रायव्हिंग लायसन्स असतं. ज्याला गाडी चालवायची नाही त्याला राज्याचं वेगळं ओळखपत्र काढता येतं, तेही लायसन्सच्याच कार्यालयातून. राष्ट्रीय ओळखपत्र असा प्रकारच त्या देशात नाही.

कायद्यासाठी मी 'ओळखपत्रसक्ती' म्हणेन. 'ओळखविहीन' मात्र मुळीच नको. ज्याच्यापाशी कार्ड नाही त्याला नाव, गाव, घर, नातीगोती सगळं असतं.

जुना कारकून
'ओळखविहीन'ला माझाही विरोध, आणखी एका कारणाने. मराठीत 'ओळख असणे' म्हणजे वशिला असणेसुद्धा. 'त्याची मंत्रालयात ओळख आहे' असं आपण रोज बोलतो. उद्या कोणी 'ओळख नसलेले मतदार' वाचलं तर भलताच अर्थ निघेल.

मी तहसीलच्या निवडणूक शाखेत होतो, म्हणून दोन क्रियापदांकडे लक्ष वेधतो: ओळख पटणे आणि ओळख पटवणे. आपल्या मतदानकेंद्रावर पहिला मतदान अधिकारी मतदाराचं नाव मोठ्याने वाचतो. तिथे बसलेल्या उमेदवारांच्या प्रतिनिधींना ते ऐकू जावं आणि माणूस तो नसेल तर आक्षेप घेता यावा, हा त्यामागचा हेतू. आता कार्ड किंवा आयोगाने ठरवलेल्या बारा पर्यायी कागदांपैकी एक (आधार, पॅन, रोजगार हमीचं जॉब कार्ड, फोटो असलेलं पासबुक वगैरे) दाखवावा लागतो, पण नाव पुकारायची रीत तशीच आहे. ओळख 'पटते' तेव्हा ती समोरच्याला पटते. 'पटवावी' लागते तेव्हा सगळा भार मतदारावर येतो. अमेरिकेतल्या कायद्यांत नेमकं काय आहे?

मिडवेस्टकर
काका, दोन्ही आहे, आणि राज्याराज्यांतला फरक तुमच्या या दोन क्रियापदांत नेमका बसतो. कॅलिफोर्निया किंवा न्यूयॉर्कमध्ये बहुतेक मतदार नाव-पत्ता सांगतात आणि सही करतात. न्यूयॉर्कमध्ये ती सही दप्तरातल्या सहीशी ताडून बघतात. तिथे ओळख पटते. अलाबामात फोटोची सक्ती आहे, पण केंद्रावरच्या दोन अधिकाऱ्यांनी 'आम्ही या माणसाला ओळखतो' असं शपथेवर लिहून दिलं तर मत देता येतं. तिथेही पटते, माणसाला माणसाची.

मी राहतो त्या इंडियानात ही सोय नाही. इथला फोटोसक्तीचा कायदा २००५ चा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००८ मध्ये तो सहा विरुद्ध तीन मतांनी वैध ठरवला. लगेच पुढच्या महिन्यात प्राथमिक निवडणूक (पक्षाचा उमेदवार निवडण्यासाठीचं मतदान) होती. साउथ बेंडमधल्या एका मठात ऐंशी-नव्वदीच्या सुमारे डझनभर नन मतदानाला आल्या. केंद्रावर काम करणारी बाई त्याच मठातली, त्यांच्याबरोबर एकाच छपराखाली राहणारी नन. तिने त्यांना परत पाठवलं, कारण कोणाकडेच चालू मुदतीचं फोटो ओळखपत्र नव्हतं. नव्वदीतली बाई गाडी चालवत नाही, परदेशी जात नाही. लायसन्स किंवा पासपोर्टची मुदत टळून गेलेली असते.

रानजाई, या प्रसंगाचं मराठी वाक्य बघा: 'ती त्यांना ओळखत होती, पण त्यांची ओळख पटली नाही.' मराठीत हे वाक्य विसंगत वाटतं. त्या कायद्याखाली ते जसंच्या तसं खरं ठरलं. म्हणून इंडियानाबद्दल लिहिताना 'ओळख पटवून देणे' हेच वापरा.

सरळवाट
चर्चा चांगली आहे, पण एक विचारतो. विमानाला ओळखपत्र लागतं, बँकेत लागतं, मग मतदानालाच का नको? माजी अध्यक्ष कार्टर आणि माजी परराष्ट्रमंत्री बेकर यांच्या आयोगानेसुद्धा २००५ मध्ये फोटो ओळखपत्राची शिफारस केली होती.

मिडवेस्टकर
केली होती, आणि त्याच शिफारशीत असंही होतं की ज्यांच्याकडे ओळखपत्र नाही त्यांच्यापर्यंत राज्याने स्वतः जावं आणि ते मोफत द्यावं. सक्तीचा भाग बऱ्याच राज्यांनी घेतला. दारापर्यंत जाण्याचा भाग तेवढ्या उत्साहाने कोणी घेतला नाही. अलाबामाने फोटोसक्ती २०१४ पासून लागू केली आणि २०१५ मध्ये पैसे नाहीत म्हणून लायसन्सची ३१ कार्यालयं बंद करायची ठरवली. बरीच ओरड झाल्यावर त्यांतली काही थोडे दिवस तरी उघडी ठेवायचं ठरलं.

शिवाय इंडियानाच्या खटल्यात, कोणी केंद्रावर जाऊन दुसऱ्याच्या नावाने मत दिल्याचा त्या राज्यातला एकही दाखला समोर आला नव्हता. न्यायालयाने तसं नमूद करूनच कायदा राखला. तुमचा प्रश्न रास्त आहे. मात्र बँकेने नाही म्हटलं तर दुसरी बँक असते. निवडणूक एकच असते.

जुना कारकून
'दाखला' शब्द आला म्हणून विचारतो. 'कागदपत्रं' असा मोघम शब्द वापरण्यापेक्षा दाखला, पुरावा आणि ओळखपत्र वेगळे ठेवावेत ना? आमच्या कार्यालयात निम्मी भांडणं याच्यावरून व्हायची. जन्माचा दाखला हा घटनेचा पुरावा. तो हातात असलेला माणूस तोच, हे त्यावरून ठरत नाही.

मिडवेस्टकर
अगदी हेच तिथलं दुखणं आहे. ओळखपत्र काढायला जन्मदाखला लागतो. जन्मदाखल्याची प्रत मागायला अनेक राज्यांत फोटो ओळखपत्र लागतं. पाकीट चोरीला गेलं, घर जळालं, रस्त्यावर राहणाऱ्याचं सामान सफाईत फेकलं गेलं, की माणूस या फेऱ्यात सापडतो. ओळखपत्र 'मोफत' असलं तरी त्यामागच्या दाखल्याला पैसे पडतात. लेखात 'मोफत ओळखपत्र' आलं तर पुढच्याच वाक्यात हे यायला हवं. मत द्यायचं तर मतदाराकडूनच पैसे घ्यायचे, याचा तिथला इतिहास कडू आहे. मतदान-कर संघराज्याच्या निवडणुकांत १९६४ च्या २४ व्या घटनादुरुस्तीने गेला, आणि राज्यांच्या निवडणुकांत १९६६ च्या निकालाने. त्या खटल्यातला व्हर्जिनियाचा कर होता दीड डॉलर.

दक्षिणेतल्या अनेक वृद्ध कृष्णवर्णीयांचा जन्म घरी, सुईणीच्या हातून झाला. नोंद झालीच नाही, किंवा नावाचं स्पेलिंग चुकलं. बायकांचं आणखी वेगळं. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याविरुद्ध २०१२ मध्ये ज्या ९३ वर्षांच्या आजी न्यायालयात गेल्या, त्यांच्या जन्मदाखल्यावर एक नाव होतं आणि बाकीच्या कागदांवर दुसरं. कितीतरी निवडणुकांत त्यांनी मत दिलेलं होतं. २०१४ च्या जानेवारीत न्यायालयाने तो कायदा रद्द केला.

रानजाई
लग्नानंतर नाव बदललेल्या आपल्याकडच्या कुठल्याही बाईला हे लगेच कळेल. माझ्या आईच्या पासबुकावर, आधारवर आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तीन वेगळी नावं आहेत.

लेखात रोजच्या जगण्याबद्दल एक मोठा परिच्छेद आहे. तिथे 'ओळखपत्राअभावी' चालेल का?

मिडवेस्टकर
चालेल, चांगला शब्द आहे. पण कशाकशापासून माणूस अडतो ते सांगा, नाहीतर तो शब्द सरकारी पत्रासारखा कोरडा वाटेल. नोकरी लागली की पहिल्याच आठवड्यात 'आय-नाईन' नावाचा फॉर्म भरावा लागतो, १९८६ च्या कायद्यापासून. ओळख आणि काम करण्याचा हक्क, दोन्ही त्यात सिद्ध करावे लागतात. खातं उघडायला बँकेत ओळख तपासतात. खातं नाही म्हणून पगाराचा चेक वटवणाऱ्या दुकानात जावं, तर तिथेही कार्ड मागतात, वर कमिशन कापतात. भाड्याचं घर, मोटेलची खोली, पोस्टात थांबलेलं पार्सल, सगळीकडे तेच. सर्दीवरचं स्युडोएफेड्रीन असलेलं औषध दुकानदार काउंटरमागे ठेवतो आणि फोटो ओळखपत्र बघून, नाव लिहून घेऊन देतो, कारण त्यापासून मेथ हे मादक द्रव्य बनवतात. तुरुंगातून सुटलेल्या माणसाला नवं आयुष्य सुरू करायला सगळ्यांत आधी हेच लागतं, आणि पुष्कळांकडे ते नसतं.

सोशल सिक्युरिटी कार्ड, म्हणजे सरकारी पेन्शन योजनेच्या क्रमांकाचं कार्ड, जवळजवळ प्रत्येकाकडे असतं. त्यावर फोटो नाही. १९४६ ते १९७२ पर्यंत दिलेल्या कार्डांवर तर 'ओळखीसाठी नव्हे' अशा अर्थाची ओळच छापलेली असे.

आपली मराठी मंडळीही या जाळ्यातून सुटत नाहीत. व्हिसावर असलेल्यांच्या लायसन्सची मुदत बहुधा मुक्कामाच्या परवानगीला बांधलेली असते. मुदतवाढीचा अर्ज महिनोन् महिने पडून राहतो, नोकरी चालू असते, आणि लायसन्स संपलेलं असतं. जिथे बसच नाही अशा गावात मूल शाळेत सोडायचं कसं? आणखी एक, कळकळीने सांगतो: १९९३ च्या कायद्यामुळे लायसन्सच्या खिडकीवरच 'मतदार नोंदणी करायची का' असं विचारतात. ग्रीन कार्ड असलं तरी तुम्ही नागरिक नाही. तिथे 'हो' म्हणू नका. नकळत झालेली नोंदणीसुद्धा पुढे नागरिकत्वाच्या अर्जात फार महागात पडते.

रानजाई
हे महत्त्वाचं सांगितलंत. मग 'अनडॉक्युमेंटेड', म्हणजे परवानगीविना देशात राहणारे, यांचं काय? काही जण त्यांनाही 'कागदपत्रं नसलेले' म्हणतात आणि ओळखपत्र नसलेल्या नागरिकांनाही.

मिडवेस्टकर
तो घोळ टाळाच. कॅलिफोर्नियात २०१५ पासून स्थलांतराची परवानगी नसलेल्यालाही लायसन्स मिळतं. म्हणजे परवानगी नसलेल्याच्या खिशात ओळखपत्र आहे आणि नव्वद वर्षांच्या नागरिक बाईकडे नाही, असं होऊ शकतं. पहिल्याला 'परवानगीविना राहणारे', दुसरीला 'ओळखपत्र नसलेली'. विनाओळखपत्र हा शब्द बातमीच्या मथळ्यात ठीक, वाक्यात तो जड होतो.

जुना कारकून
'पत्ता' राहिला. आमच्याकडे वस्ती-पाड्यांवर घर क्रमांक नसायचे.

मिडवेस्टकर
नॉर्थ डकोटात हेच झालं. ओळखपत्रावर राहत्या घराचा पत्ता हवा अशी अट होती, आणि मूळ रहिवाशांच्या राखीव भागात बऱ्याच ठिकाणी रस्त्यांना नावं नव्हती, घरांना क्रमांक नव्हते, पत्रं पोस्टातल्या पेटीत यायची. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट थांबवायला नकार दिला. मग जमातींनी उरलेल्या दिवसांत घरांना पत्ते देऊन स्वतःच मोफत ओळखपत्रं छापली. 'टपालाचा पत्ता' आणि 'राहता पत्ता' हे दोन शब्द वेगळे ठेवलेत तर हा भाग कळेल.

रानजाई
शेवटचं. 'प्रोव्हिजनल बॅलट'ला मी 'प्रदत्त मत' लिहिलं होतं.

जुना कारकून
ते बदला. आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल तर खऱ्या मतदाराला देतात ते प्रदत्त मत. अमेरिकेतलं मला वेगळं दिसतं.

मिडवेस्टकर
वेगळंच आहे. २००२ च्या कायद्याने देशभर आलेली ती सोय. मत वेगळ्या पाकिटात ठेवतात. इंडियानात ओळखपत्र नसलेल्या मतदाराने ठरलेल्या दिवसांत काउंटीच्या कार्यालयात जाऊन ओळख पटवून दिली तर ते मोजतात, नाहीतर नाही. 'तात्पुरतं मत' म्हटलं तर ते नंतर रद्दच होणार असं वाटतं. 'सशर्त मत' घ्या.

आणि 'ओळखपत्रसक्ती' सगळ्या राज्यांना लावू नका. मिशिगनमध्ये ओळखपत्र मागतात, पण जवळ नसेल तर तसं लिहून सही करायची आणि नेहमीसारखं मत द्यायचं. तिथे 'ओळखपत्राची विचारणा' एवढंच लिहा.