टाकाऊतून सायकलसाठी: काय टिकलं, काय फसलं?

आमच्या घरात 'असू दे, कधीतरी लागेल' नावाचा एक कोपरा आहे. गेल्या पावसाळ्यात त्यातला पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन खरंच लागला. माझ्या गिअरच्या सायकलला मडगार्ड नाहीत, त्यामुळे कोथरूडहून ऑफिसला पोचेपर्यंत शर्टाच्या पाठीवर मधोमध चिखलाची रेघ उमटायची. कॅन भांड्यांच्या पावडरीने दोनदा धुतला (तेलकट राहिला तर धूळ अशी काय चिकटते!) आणि दीड वीत लांबीची पट्टी कापली. पहिली पट्टी सपाट बाजूची घेतली, ती दमलेल्या कुत्र्याच्या जिभेसारखी लोंबायला लागली. दुसरी मुद्दाम कोपऱ्याची घेतली. कोपऱ्याच्या घडीमुळे ती ताठ राहते. खिळा गॅसवर तापवून भोकं पाडली, सीटखालच्या सळयांना दोन केबल टायने बांधली. एक पावसाळा निघाला, दुसरा चालू आहे. पुढच्या चाकाला मात्र हीच युक्ती फसली: पट्टी टायरला घासून करकरायची, शेवटी काढूनच टाकली.

तुम्ही काय केलंत? नुसतं कौतुक नको, किती दिवस टिकलं आणि कशाने मोडलं तेही लिहा.

बावीस इंची:
आमच्याकडे याला काही नावच नव्हतं, सगळेच करायचे. वडील इचलकरंजीत यंत्रमागावर, काळी सायकल, आणि जुनी ट्यूब म्हणजे घरातली संपत्ती. आडवी कापली की डबा बांधायला रबरी कडी, उभी कापली की गॅसची टाकी कॅरिअरला आवळायला लांब पट्टी. टायर फाटला तर जुन्या टायरचा तुकडा आतून गेटर म्हणून. त्या तुकड्याच्या कडेची तार काढायची आणि काठ तासून पातळ करायचा, नाहीतर गेटरच ट्यूब खातो.

मला बसायला दांडीवर फळी होती, तिच्यावर आईच्या जुन्या लुगड्याची घडी. पायांचा विचार कुणी केला नव्हता. एके दिवशी माझी टाच पुढच्या चाकाच्या आऱ्यांत गेली. त्याच रात्री वडिलांनी खालच्या तिरक्या दांडीला एक लाकडी दांडका आडवा लावून ट्यूबच्या पट्टीने करकचून बांधला, पाय ठेवायला. बोलले काहीच नाहीत. व्रण अजून आहे. लेकरासाठी काही बनवणार असाल तर आधी पाय कुठे जाणार ते बघा, गादी नंतर.

चकाकी:
माझा फसलेला प्रयोग. जुन्या सीड्या कापून मागच्या चाकावर लावल्या, उन्हात इंद्रधनुष्य! रात्री भावाला रस्त्याच्या पलीकडे सायकल घेऊन उभं केलं, डोळ्याशेजारी टॉर्च धरून पाहिलं, तर जवळजवळ काळोख. सीडी आरशासारखी आहे, उजेड भलतीकडेच फेकते. बाजारातल्या लाल रिफ्लेक्टरमध्ये बारीक बारीक कोपरे असतात, ते उजेड आला तिकडेच परत पाठवतात, म्हणून तो गाडीवाल्याला दिसतो. शेवटी फाटक्या रिफ्लेक्टिव्ह जॅकेटची करडी पट्टी कापून कॅरिअरच्या पिशवीवर शिवली. तीच टॉर्चची परीक्षा, पहिल्या झटक्यात पास. लुकलुकणारा दिवा मात्र विकतच घ्या, तिथे काटकसर नको.

युट्रेख्टहून:
इथे पुढच्या कॅरिअरवर प्लास्टिकचा क्रेट आणि सीटवर हॉटेलातली शॉवर कॅप हे इतकं नेहमीचं आहे की कुणी वळूनही बघत नाही. मीही क्रेट बांधला, पण हँडलबरोबर फिरणाऱ्या कॅरिअरवर. किराणा भरून सायकल स्टँडवर लावली, हात सोडला, हँडल गर्रकन फिरलं आणि सायकल आडवी. दहा अंड्यांतली तीन वाचली. आता फ्रेमलाच जोडलेल्या कॅरिअरवर क्रेट आहे, हँडल वळलं तरी तो हलत नाही.

शिलाईवाली:
नवऱ्याच्या जीन्सच्या पायाची त्रिकोणी पिशवी, दांडीखालच्या जागेत बसणारी. घरगुती मशीनवर १६ नंबरची सुई लावली तरी चार थरांवर दोन सुया मोडल्या, तिथे हाताने चाक फिरवून टाके घातले. रुंदी चार बोटांपेक्षा जास्त झाली तर मांड्या घासतात, हे पहिली पिशवी उसवून कळलं. जीन्स पाणी पिते आणि वाळता वाळत नाही, म्हणून आतून फ्लेक्सचं अस्तर. फ्लेक्सला काय तोटा? चौकातला वाढदिवस संपला की मंडळाला विचारून घ्यायचा. माझ्या पिशवीच्या पोटात एका भावी नगरसेवकाची मिशी आहे.

घाटातला:
रंगाच्या २० लिटरच्या दोन बादल्या कॅरिअरच्या दोन बाजूंना लटकवून आंबा घाटातून रत्नागिरीला गेलो. झाकण घट्ट, त्यामुळे कपडे कोरडे. पहिल्या दिवशी प्रत्येक पॅडलला टाच बादलीवर, टक टक टक, साखरप्यापर्यंत. मग मागे सरकवल्या. वरून दोन हूक पुरत नाहीत, खड्ड्यात बादली उडी मारते. खालून ट्यूबची पट्टी ताणून आसाजवळ अडकवा. एवढ्या मोठ्या बादल्या पुन्हा घेणार नाही, जागा दिसली की माणूस भरत सुटतो.

आणि धागाकर्त्यांना: पुढच्या मडगार्डला टायर आणि पट्टीत दोन बोटं अंतर ठेवा. पट्टी फोर्कला नको, मधल्या तिरक्या दांडीच्या पोटाला बांधा.

धागाकर्ता:
बांधली. दांडीचा रंग जाऊ नये म्हणून मध्ये ट्यूबचा तुकडा घातला. काल कर्वे रस्त्यावर धो धो पाऊस होता. तोंडावर चिखल नाही, पाठ कोरडी, बूट मात्र पार भिजले. गॅसवर खिळा तापवायला आता घरात बंदी आहे. भोकं पाडायची दुसरी सोय कुणाला माहीत आहे का?