गुडघेदुखी असताना दम वाढवणारा व्यायाम कोणता करावा?

प्रश्न

माझी आई ६१ वर्षांची असून तिला मधुमेह आहे. पुण्यात राहत असल्याने रोज सकाळी पर्वती चढण्याचा तिचा अनेक वर्षांचा परिपाठ होता. अलीकडे दोन्ही गुडघ्यांची झीज झाल्याचे निदान झाले. तूर्त शस्त्रक्रियेची गरज नाही, मात्र जिने आणि मांडी घालून बसणे टाळावे, असे अस्थिरोगतज्ज्ञांनी सांगितले आहे. पर्वती बंद झाल्यापासून तिची साखर आणि वजन दोन्ही वाढू लागले आहे आणि घरातली वडीलधारी मंडळी तर ‘आता स्वस्थ बस’ असाच सल्ला देतात. तिला पोहता येत नाही. हृदयाला व्यायाम होईल, पण गुडघ्यांना त्रास होणार नाही, असे काय करता येईल?

प्रतिसाद १

मी फिजिओथेरपिस्ट आहे. स्वस्थ बसण्याचा सल्ला कृपया मनावर घेऊ नये, कारण हालचाल थांबली की मांडीचे स्नायू दुबळे होतात आणि त्यांनी पेलायचा भार सांध्यावर येतो. पर्वतीच्या पायऱ्या उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो, त्यामुळे त्या बंद केल्या हे योग्यच झाले. सपाट जागी चालणे मात्र सहसा बंद करावे लागत नाही.

आईंसाठी माझी पहिली पसंती घरातल्या व्यायामाच्या सायकलला आहे, पण सीटची उंची नीट जुळवली तरच. बहुतेक घरांत सीट फार खाली असते; मग प्रत्येक फेऱ्यात गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीमागे दुखू लागते. सीटवर बसून पेडल अगदी खाली न्यावे व त्यावर टाच ठेवावी. त्या वेळी पाय सरळ झाला पाहिजे. नंतर चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात थोडासा बाक आपोआप राहतो. सुरुवातीला रोध (पेडलचा जडपणा) अगदी कमी ठेवून दहा मिनिटे पुरेत. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवला आहे. तिथवर हळूहळू पोहोचावे. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतका दम लागला की गती योग्य आहे असे समजावे.

प्रतिसाद २

पोहता येत नसले तरी तलावाचा विचार सोडू नका. उथळ भागात कठड्याजवळ नुसते चालले तरी उत्तम व्यायाम होतो. कंबरेइतक्या पाण्यात शरीराचा भार सुमारे निम्मा आणि छातीइतक्या पाण्यात साधारण एक तृतीयांश जाणवतो, शिवाय पाणी प्रत्येक पावलाला विरोध करत असल्याने दम चांगला लागतो. पुढे पोहायला शिकल्याच, तर ब्रेस्टस्ट्रोकने सुरुवात करू नये. त्यात पाय बाहेर फेकून जवळ ओढताना गुडघ्याच्या आतल्या बाजूवर ताण येतो.

प्रतिसाद ३

जिममधील क्रॉस ट्रेनरही (उभे राहून हात-पाय पुढे-मागे चालवायचे यंत्र) अनेकांना मानवतो, कारण त्यावर पाऊल उचलून आपटले जात नाही. मात्र तोल सांभाळावा लागत असल्याने या वयात पहिल्या वेळी कोणीतरी शेजारी उभे राहावे. उड्या असलेले झुंबाचे वर्ग टाळलेले बरे, प्रशिक्षक कितीही आग्रह करोत.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. सायकल घरीच आहे, तिच्यावर सध्या कपडे वाळत असतात! व्यायाम करताना थोडे दुखले तर लगेच थांबावे का?

प्रतिसाद १

किंचित दुखणे, जे व्यायामानंतर लवकर ओसरते, ते चालते. दुसऱ्या दिवशीही दुखणे वाढलेले राहिले तर वेळ किंवा रोध कमी करावा. गुडघा सुजला, गरम लागला, अडकू लागला किंवा अचानक दगा देऊ लागला, तर मात्र व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

आईंना मधुमेह असल्याने आणखी दोन गोष्टी सांगतो. इन्शुलिन किंवा साखर एकदम उतरवू शकणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर व्यायामाची वेळ आणि मात्रा यांविषयी आपल्या डॉक्टरांशी आधी बोलावे, आणि सायकलजवळ ग्लुकोज किंवा साखर ठेवावी. तलावावर जायचे ठरल्यास अनवाणी जाऊ नये, पाण्यात वापरायचे बूट घालावेत आणि घरी आल्यावर तळवे नीट पाहावेत, कारण तळपायाची संवेदना कमी झालेली असेल तर फरशीने खरचटलेले कळतसुद्धा नाही.