शब्दचर्चा: ‘वेदरिंग’ला आपल्याकडे काय म्हणायचं?

मंडळी, एक शंका आहे आणि ती आईमुळे आलीय. दोनेक महिने झाले, टी-९० भीष्म रणगाड्याचं एकास पस्तीस प्रमाणातलं प्लास्टिकचं मॉडेल जोडतोय, रात्री जेवणं झाली की डायनिंग टेबलाचं एक टोक माझं. खरा रणगाडा तोफेच्या नळीसकट साडेनऊ मीटर, म्हणजे मॉडेल साधारण २७ सेंटिमीटर, पोळपाटापेक्षा जरासं मोठं. परवा वाळूच्या रंगावर हिरवे पट्टे मारून झाले, आईने कौतुकाने बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी मी त्याच्यावर तपकिरी पातळ रंग सोडायला लागलो तर म्हणते, अरे एवढा छान रंग दिलास आणि आता घाण कशाला करतोयस? म्हटलं घाण नाही गं, वेदरिंग, म्हणजे मॉडेल खऱ्यासारखं वापरलेलं, मळलेलं दिसावं म्हणून. म्हणे मराठीत सांग. तिथे अडकलो ना राव.

भूगोलातलं ‘विदारण’ आठवलं पण ते खडकांचं. ‘जीर्णीकरण’ असं स्वतःच बनवलं आणि स्वतःच हसलो. तुम्ही काय म्हणता?

खारघरवाली: झीज. सोपा शब्द आहे की.

घोडबंदर रोडवाला: ताई, झीज म्हणजे काहीतरी कमी होणं. इथे अर्धं काम कमी करायचं आणि अर्धं वर चढवायचं असतं, धूळ, चिखल, काजळी वगैरे. आणि खरं सांगू का, एका शब्दात हे बसवायचा हट्टच कशाला, आपल्याकडे प्रत्येक कामाला वेगळा शब्द आधीपासून आहे, फक्त आपण इंग्रजी व्हिडिओ बघून शिकलो म्हणून तो तोंडात येत नाही. चिपिंग म्हणजे टवके. कपाचा टवका उडतो तसाच रणगाड्याच्या झाकणाच्या कडेचा रंग उडतो, जिथे रोज बूट घासतात तिथे. भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा फाडून घ्यायचा, गडद तपकिरी रंगात जेमतेम टेकवायचा, पेपरवर टिपून जवळजवळ कोरडा करायचा आणि कडेकडेने टिचक्या मारल्यासारखा लावायचा. स्ट्रीकिंग म्हणजे ओघळ. बोल्टच्या खाली ऑइल कलरचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका ठेवायचा, चपट्या ब्रशला टर्पेंटाइनचा नुसता वास लागला पाहिजे इतपत ओला करून वरून खाली ओढायचा, दोनतीनदा, की ठिपका विरून ओघळ उरतो. पण आधी वॉर्निशचा एक हात दे रे बाबा, नाहीतर टर्पेंटाइन खालचा रंग पण उचलायचा. ओघळ कसे दिसतात ते बघायला लांब जाऊ नको, ठाण्यातली कुठलीही दहा वर्षं जुनी बिल्डिंग घे आणि गच्चीवरच्या टाकीच्या खालची भिंत बघ.

खारघरवाली: टवके काय आणि पोपडे काय, एकच ना?

घोडबंदर रोडवाला: नाही हो. टवका आपटून, घासून उडतो. पोपडा आतून ओल आली की फुगून सुटतो. आमच्या बेडरूमला दर जुलैत पोपडे धरतात, रणगाड्याला सहसा टवके. तसंच ‘हात’ आणि ‘पुट’. हात पेंटर देतो, पुट आपोआप चढतं. रंगाचे दोन हात, पण धुळीचं पुट, मेट्रोच्या कामापासून आमच्या गाडीवर आहे तसं. आणि फिल्टर म्हणतात तो निव्वळ ‘झाक’, सगळ्या रंगाला जरा पिवळसर झाक आणायची, बास.

नेरुळचा आजोबा: वाचून मजा आली. रणगाड्याच्या मूळ इंग्रजी शब्दाबद्दलच दोन ओळी. टँक हे नाव १९१५ साली ब्रिटिशांनी मुद्दाम पाडलं, कारखान्यात काय बनतंय ते कळू नये म्हणून पाण्याच्या टाक्या बनवतोय असं भासवायचं होतं. १५ सप्टेंबर १९१६ ला पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत ते पहिल्यांदा उतरले. आता गंमत अशी की इंग्रजीतला पाण्याचा टँक हा शब्द बरेच कोशकार गुजराती-मराठी टांकं, टाकं याच्याशी जोडतात, वर पोर्तुगीज शब्दाचाही हातभार मानतात. म्हणजे गडावरचं पाण्याचं टाकं आणि तुमचा टी-९० हे लांबचे का होईना भाऊबंद! वेदरिंगला माझं मत ‘रापणे’ला. उन्हात रापलेला चेहरा म्हणतो ना आपण. माझी आजी स्वयंपाकघरातल्या वाशांना धुराचा राप चढलाय म्हणायची.

चरईतला (प्रश्नकर्ता): काका, टाक्याचं माहीतच नव्हतं, आईला लगेच वाचून दाखवलं. रापणे आवडला पण रणगाडा आपला आपण रापतो, मी करतो ते काय? रापवणे?

नेरुळचा आजोबा: राप चढवणे म्हणा. सुनेने लोणचं मुरवलं म्हणतो तसं रापवलं म्हणायला हरकत नाही, पण कानाला जरा टोचतं.

बेलापूरवाला: शब्द काहीही ठेवा पण सगळा गाडा गंजवू नका ही विनंती. बरेच जण आधुनिक रणगाडा भंगारात पडल्यासारखा तांबडा करून ठेवतात. चालू रेजिमेंटचा गाडा निगा राखलेला असतो, रंग विटतो, धूळ बसते, गंज दिसतो तो मुख्यतः चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या दुव्यांवर, आणि तिथेही जमिनीला घासणारा भाग चकचकीत असतो. अहिल्यानगरला रणगाड्यांचं म्युझियम आहे, १९९४ पासून, जरूर बघा पण तिथले गाडे प्रदर्शनाचे, रंगरंगोटी केलेले, त्यावरून आकार आणि बोल्ट बघायचे, मळ नाही. आणि टी-७२, टी-९० दोन्हीचा धूर डाव्या बाजूला मागे बाहेर पडतो. काजळी तिथेच.

खारघरवाली: मग सरळ ‘चार पावसाळे पाहिलेला’ म्हणा की! याच्याएवढं मराठी दुसरं काय.

बेलापूरवाला: राजस्थानातल्या गाड्याने पावसाळे कुठून बघायचे ताई, उन्हाळे म्हणा :) थट्टा नाही, वाळवंटातला करायचा असेल तर ओघळ कमी आणि धुळीचं पुट जास्त.

चरईतला (प्रश्नकर्ता): ठरलं. मोठ्या कामाला राप, बाकी टवके, ओघळ, पुट, झाक. आईला यादी सांगितली तर ‘टवके’वर म्हणाली, कपाला गेला तर ओरडतोस आणि इथे हाताने पाडतोस. बेलापूरवाले दादा, तुमचं वाचायच्या आधी काल रात्रीच काजळी मारून बसलोय, उजव्या बाजूला. आता टर्पेंटाइन घेऊन बसतो.

घोडबंदर रोडवाला: वॉर्निशचा हात दिला होतास का?

चरईतला (प्रश्नकर्ता): नाही.