पाठीत सुई टोचलीच नव्हती, तरीही कळ होती

सिझरच्या वेळी पाठीत दिलेल्या इंजेक्शनमुळेच सायटिका (कमरेतून पायात उतरणाऱ्या नसेची कळ) मागे लागते, असं काही जणी म्हणतात. मला नाही पटत. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्या खाली देतात. शिवाय माझं बाळंतपण साधं, बडोद्यातच झालं, पाठीत सुई नाहीच. तरी सव्वा महिना व्हायच्या आत उजव्या कुल्ल्यातून पोटरीपर्यंत अशी कळ यायची की जिना उतरताना भिंत धरावी लागे. आईने शेक दिला, दांडिया बाजारातल्या मावशींनी तेल रगडलं (झोप छान लागली, कळ तशीच).

शेवटी फिजिओथेरपिस्टने विचारलं, बाळाला पाजता कसं? पाटावर मांडी घालून, एका अंगावर कलून, दिवसातून दहा-बारा वेळा! कुल्ल्यात पिरिफॉर्मिस नावाचा स्नायू असतो, बहुतेकांची सायटिक नस त्याच्या खालून जाते. तो आखडला की नस चिमटते. त्यात गरोदरपणी रिलॅक्सिन या संप्रेरकाने सैलावलेले सांधे लगेच घट्ट होत नाहीत. खुर्ची, पाठीला तक्क्या, मांडीवर उशी आणि रोजचे ताण देण्याचे व्यायाम; दीड महिन्यात निम्मं दुखणं गेलं.

मात्र पाऊल वर उचलता येत नसेल, जांघेत बधिरपणा असेल किंवा लघवी अडत असेल तर मालिश-बिलिश नको, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.