मदत हवी आहे: स्की लिफ्टची पुली, पॅटर्न कुठल्या प्रकाराचा बनवू? सोमवारी कोटेशन द्यायचंय

उद्यमनगरी
नमस्कार मंडळी. पुण्याच्या एका एजंटाकडून चौकशी आली आहे. परदेशातल्या एका खासगी स्की क्लबला जुनी लिफ्ट काढून नवी बसवायची आहे. त्यांच्यापुढे तीन पर्याय आहेत: टी-बार (माणसाला बर्फावरून ओढत नेणारा), फिक्स्ड ग्रिप (खुर्चीची पकड दोराला कायमची आवळलेली) आणि डिटॅचेबल (स्टेशनात पकड सुटणारी). पर्याय ठरायच्या आधीच त्यांना पुलीच्या कास्टिंगचा, म्हणजे ओतकामाचा, दर हवाय. यातला कुठला प्रकार क्लब घेईल, एवढंच सांगा. पॅटर्न (ज्यावरून वाळूचा साचा बनतो तो नमुना) आणि कोअर बॉक्स (आतल्या पोकळीच्या गाभ्याचा साचा) यांचा खर्च माझ्या अंगावर आहे, तीन-तीन पॅटर्न परवडत नाहीत. गूगल करा म्हणू नका, केलंय.

शिरोलीकर
भावा, कसली पुली? दोन्ही टोकांची मोठी चाकं की खांबावरची छोटी? वजन, ग्रेड, नग, यातलं काहीच लिहिलं नाहीस. यावर कोण काय सांगणार?

सह्यभटका
रायगडाचा रोपवे बघून या. 1996 पासून सुरू आहे. दोन बाजूंना पाळणे, एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो. साधं, सुटसुटीत. जोतिबालाही असंच काहीतरी व्हायला हवं, यात्रेत म्हाताऱ्या माणसांचे हाल बघवत नाहीत.

उद्यमनगरी
सह्यभटका, जोतिबाचं पटतं, पण तो वेगळा धागा.
शिरोलीकर, खांबावरची. व्यास 400 मिलिमीटर, एस.जी. आयर्न (गोल ग्रॅफाइटचं ओतीव लोखंड), ग्रेड 500/7, दोन कडांच्या मधे रबराचं लायनर बसणार. नग 'पर्यायानुसार' म्हणून सोडलेत, अडचण तीच आहे.

बर्फवेडी
मी मूळची राजारामपुरीची, आता टोरांटोत. क्लब कुठल्या देशात आहे? डोंगर केवढा? लिफ्टची लांबी किती? आणि आत्ता तिथे काय आहे? याशिवाय अंदाज करणं अवघड आहे.

उद्यमनगरी
कॅनडा, ओंटारिओ. लांबी 900 मीटर, चढ 210 मीटर. सध्या दोन सीटची जुनी खुर्ची-लिफ्ट आहे. एजंट एवढंच सांगतो.

बर्फवेडी
हे आधी सांगायचं ना! म्हणजे कॉलिंगवुडच्या आसपास, नायगारा एस्कार्पमेंटवर. त्या पट्ट्यात सभासदांचे खासगी क्लब बरेच आहेत आणि उंची साधारण एवढीच.

टी-बारवर बसत नाहीत, हे आधी लक्षात घ्या. वरून स्प्रिंगच्या डब्यातून दोरी लोंबते, तिच्या टोकाला उलट्या टी-सारखा दांडा. दोघांनी शेजारी उभं राहायचं, दांडा मांड्यांच्या मागे घ्यायचा आणि स्की बर्फावरच ठेवून ओढलं जायचं. कुणी बसायला गेलं की दोघंही आडवे. वारा कितीही असला तरी टी-बार सहसा चालू राहतो, म्हणून उघड्या माथ्यावर त्याला पर्याय नाही. पण ओढत नेण्याची वाट सलग बर्फाची लागते, तेवढी उताराची जागा जाते, आणि स्नोबोर्डवाल्यांना तो अजिबात आवडत नाही. खुर्ची असलेला क्लब मुख्य उतारावर परत टी-बार घेणार नाही. माझं मत: डिटॅचेबल. सभासद एवढी वर्गणी भरतात ते गारठ्यात लटकत राहायला नव्हे.

जुना_रोपवेवाला
निवृत्त मेकॅनिकल, आयुष्य रोपवेच्या देखभालीत गेलं. ताई, 900 मीटरला डिटॅचेबल म्हणजे उधळपट्टी.

फिक्स्ड ग्रिपमध्ये खुर्ची दोरखंडाला कायमची आवळलेली. चालत्या दोरावर माणसाला बसायचं असतं, म्हणून वेग सेकंदाला सव्वादोन-अडीच मीटरच्या वर नेत नाहीत. डिटॅचेबलमध्ये स्टेशनात शिरताना ग्रिप उघडते, खुर्ची दोरावरून सुटून टायरांच्या रांगेवर मंदावते, माणसं आरामात बसतात, मग टायर वेग देतात आणि ग्रिप पुन्हा दोर पकडते. दोर सेकंदाला 5 मीटरने धावतो.

आता हिशेब करा. 900 मीटरला फिक्स्डवर साडेसहा मिनिटं, डिटॅचेबलवर 3. साडेतीन मिनिटं वाचवायला दोन्ही स्टेशनांत टायर, पट्टे, सेन्सर, शिवाय प्रत्येक ग्रिपची ठरावीक मुदतीत उघडून तपासणी. छोट्या क्लबकडे तेवढे मेकॅनिक असतात का?

बर्फवेडी
काका, साडेतीन मिनिटं उणे 15 मध्ये आणि तळ्यावरच्या वाऱ्यात काढून बघा. शिवाय शनिवारी सगळी मुलं एकदम येतात, रांग लांबते. डिटॅचेबल जास्त माणसं नेते.

जुना_रोपवेवाला
इथंच गल्लत होते. तासाला किती माणसं जातील ते दोन खुर्च्यांमधल्या सेकंदांवर ठरतं, दोराच्या वेगावर नाही. चार सीटची खुर्ची दर 6 सेकंदांनी आली तर तासाला 2400 माणसं, फिक्स्ड असो की डिटॅचेबल. फरक खुर्च्यांच्या संख्येत पडतो. सव्वादोन-अडीचच्या वेगाला सुमारे 14 मीटरवर एक खुर्ची, म्हणजे जाऊन-येऊन 1800 मीटरला 130 च्या आसपास. 5 मीटरच्या वेगाला 30 मीटरवर एक, म्हणजे 60.

बर्फवेडी
कागदावर 2400. प्रत्यक्षात फिक्स्ड चार-सीटवर लहान मूल बसताना पडतं, लिफ्ट थांबते आणि वर लटकलेले सगळे थांबतात. तुमच्या हिशेबात ते थांबणं कुठं आहे?

जुना_रोपवेवाला
हे मान्य. त्यावर उपाय म्हणून बसायच्या जागी सरकता पट्टा टाकतात. माणूस पट्ट्यावर उभा राहून पुढे सरकत असतो, त्यामुळे खुर्चीचा धक्का कमी बसतो. फिक्स्ड चार-सीट अधिक पट्टा, मी त्या कमिटीत असतो तर हेच घेतलं असतं.

प्रवासी_पाखरू
कोल्हापूरकरांनी कॅनडाला कशाला जायचं? गुलमर्गचा गोंडोला करा. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवटपर्यंत, जवळजवळ 4000 मीटर उंची. तिकीट आधी ऑनलाइन काढा, तिथं जाऊन मिळत नाही. औलीचा बेत असेल तर जोशीमठची जमीन खचल्यावर 2023 च्या जानेवारीत तिथला रोपवे बंद केला होता, चौकशी करूनच निघा.

उद्यमनगरी
पाखरू, मला फिरायला जायचं नाही, कास्टिंग विकायचंय. काका, ताई, दोघांचंही पटतंय आणि तिथंच घोडं अडलंय. पॅटर्न कुठला बनवू?

जुना_रोपवेवाला
तुमचा प्रश्नच जरा फिरवून विचारायला हवा. खांबावरचं चाक दोराला आधार देतं. वरून जाणारी खुर्ची सुटणारी आहे की आवळलेली, याच्याशी चाकाच्या कास्टिंगचा फारसा संबंध नाही. दोराचा व्यास आणि एका चाकावर येणारा भार पाहा. फिक्स्ड आणि डिटॅचेबल दोन्हींना लिफ्टवाल्याने तेच चाक दाखवलं असेल तर पॅटर्न एकच, बदलतील ते नग. टी-बारचा दोर बारीक, चाक लहान, तो पॅटर्न वेगळा. 400 व्यास लिहिलाय, म्हणजे ड्रॉइंग बहुधा खुर्चीचंच. आणि क्लब कधी कास्टिंग घेत नाही, घेते ती लिफ्ट बसवणारी कंपनी. ती कोण हे एजंटाकडून काढून घ्या.

शिरोलीकर
ग्रेडकडं कुणाचंच लक्ष नाही! 500/7 मध्ये पर्लाइट (लोखंडातली कडक रचना) असतं, कडाक्याच्या थंडीत आघात बसला तर ते ठिसूळपणे तुटतं. तिकडं उणे 20 सहज होतं. अशा कामाला 400-18 एल.टी. ही थंडीत टिकणारी ग्रेड मागतात, पूर्ण फेराइट (मऊ, चिवट रचना), उणे 20 ला चार्पी टेस्ट (आघाताची चाचणी), सरासरी 12 जूल. सिलिकॉन खाली ठेवावं लागतं, मँगनीज आणि फॉस्फरसही. आपल्या नेहमीच्या भंगारात ते जमत नाही, चार्ज (भट्टीत टाकायचा माल) निवडून घ्यावा लागेल आणि दर वाढेल. 500/7 धरून कोटेशन दिलंस आणि नंतर ग्रेड बदलली तर नफा गेलाच समज.

उद्यमनगरी
हे कुणीच सांगितलं नव्हतं. धन्यवाद दादा. एजंटाला आत्ताच फोन केला. माल घेणारी कंपनी जुन्या लिफ्ट दुरुस्त करून देणारी आहे, क्लब नाही. फिक्स्ड आणि डिटॅचेबलला चाक एकच. टी-बार मुलांच्या छोट्या उतारासाठी आहे, त्याचं ड्रॉइंग अजून आलेलंच नाही. त्यांनी ग्रिपच्या जबड्याचाही दर विचारलाय.

जुना_रोपवेवाला
ग्रिपला हात लावू नका. तो भाग फोर्जिंगचा, मॅग्नेटिक तपासणीचा, आणि त्यावर माणसं लोंबतात. कॅनडात लिफ्टला सी.एस.ए. झेड98 हे मानक लागतं, त्याची कागदपत्रं तुम्ही कशी देणार? चाकाचंही प्रत्येक हीटचं (भट्टीच्या एका वितळणीचं) सर्टिफिकेट जपून ठेवा.

केळीवाला_जळगाव
विषय निघालाच आहे म्हणून. पहिली खुर्ची-लिफ्ट 1936 साली अमेरिकेत सन व्हॅलीला बसली. ती आखणाऱ्या जिम करन या इंजिनिअरने आधी जहाजात केळीचे घड चढवायच्या दोरयंत्रावर काम केलं होतं. हुकाच्या जागी खुर्ची आली. आमच्या केळीचा मान राखा.

उद्यमनगरी
ठरलं. चाकाचा एकच पॅटर्न, दर दोन: 500/7 चा वेगळा आणि 400-18 एल.टी. चा वेगळा, 60 आणि 130 खुर्च्यांचा घोळ माझ्याकडे नको म्हणून दर नगावर. टी-बार ड्रॉइंग आल्यावर. ग्रिपला नाही म्हणून कळवतो. आता एकच राहिलं: उणे 20 ला चार्पी करून देणारी लॅब गोकुळ शिरगाव किंवा कागलकडं कुणाच्या माहितीत आहे का? पुण्याला पाठवलं तर वेळ जाईल.

शिरोलीकर
आहे एक. व्यनि (खासगी निरोप) केलाय. नमुने कास्टिंगबरोबर त्याच हीटमधून ओत, नंतर वेगळे ओतलेले ते धरत नाहीत.