मॉलमधले कँडिड फोटो: आवाज टाळावा की पट्टे?

मदत हवी आहे. मॉलमध्ये खरेदीत गुंगलेल्या माणसांचे फोटो काढतोय. मॉल ही खासगी जागा, म्हणून व्यवस्थापनाची लेखी परवानगी आधीच घेतली आहे. लहान मुलं आणि ट्रायल रूमचा भाग पूर्ण वगळतो, कुणी नको म्हटलं तर त्यांच्यासमोरच फोटो डिलीट करतो. तेव्हा प्रश्न फक्त तंत्राचा आहे.

फुल फ्रेम मिररलेस कॅमेरा, ३५ मिमी लेन्स. एफ/८ वर (लेन्सचं छिद्र बरंच लहान ठेवून) फोकस २ मीटरला लावून ठेवतो, म्हणजे साधारण दीड ते सव्वातीन मीटरपर्यंत सगळं शार्प येतं. पण आतल्या उजेडात आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ३२०० ला शटर जेमतेम १/१२५ सेकंद मिळतो.

काल एक काका शर्टाची कॉलर हनुवटीखाली दाबून, बाह्या ताणून आरशात बघत होते. मेकॅनिकल शटर वाजला आणि त्यांनी शर्ट झटकन खाली घेतला. तो क्षण गेल्याची हळहळ अजून आहे. सायलेंट (आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक) शटर लावला तर एलईडी दिव्यांमुळे फोटोभर आडवे पट्टे. वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, त्यामुळे १/१०० ला पट्टे जवळजवळ जातात, पण हलणारे हात पुसट होतात. अँटी-फ्लिकर (दिव्यांच्या लुकलुकण्याशी शटर जुळवणारी सोय) माझ्या कॅमेऱ्यात सायलेंटबरोबर चालत नाही. फ्लॅश अर्थातच नको, आणि लांबून टेलिलेन्सने टिपणं मला चोरून बघितल्यासारखं वाटतं.

अशा उजेडात काम केलेल्यांनी सांगा: १/१०० वर सायलेंट ठेवून माणूस थबकायची वाट बघावी, की आयएसओ ६४०० करून १/२५० वर मेकॅनिकलच वापरावा?