टोटॅलिटेरियनला 'सर्वंकष' का नको?

दौतटाक: इटलीवरच्या लेखाचं भाषांतर करतेय. 'टोटॅलिटेरियन' म्हणजे माणसाचं सगळं जगणंच ताब्यात घेणारी राजवट, म्हणून मी 'सर्वंकष सत्ता' लिहिलं, संपादकांनी खोडून 'हुकूमशाही' केलं. म्हणे सर्वंकष हा चांगला शब्द, 'सर्वंकष अभ्यास' वगैरे. पण पुढेच अडलं. मुसोलिनीचे विरोधक जोव्हान्नी आमेंदोला यांनी १९२३ साली 'तोतालितारिओ' (टोटॅलिटेरियनचं इटालियन रूप) हा शब्द ठपका म्हणून वापरला आणि १९२५ मध्ये मुसोलिनीच तो मिरवू लागला. इथं 'हुकूमशाही' घालून वाक्य उभंच राहत नाही.

निवृत्त मास्तर: ताई, सर्वंकषच ठेवा. कष् म्हणजे घासणे, खरवडणे. संस्कृतात अर्थ सर्वनाशकच. मल्लिनाथाने 'शिशुपालवध' या संस्कृत काव्यावरच्या आपल्या भाष्याला 'सर्वंकषा' नाव दिलं, तेव्हापासून शब्द सभ्य झाला असावा (हे आपलं माझं मत).

चहाबिस्कीट: मास्तर, मल्लिनाथ कशाला? 'एकाधिकारशाही' रुळलाय की.

वऱ्हाडी: आमच्याकडं एकाधिकार म्हटलं की सरकारची ती जुनी कापूस एकाधिकार खरेदी योजनाच आठवते, भाऊ.

दौतटाक: शिवाय हुकूमशहाला तुम्ही गप्प बसलात तरी चालतं, मुसोलिनीच्या राजवटीला तेवढ्याने भागत नव्हतं. १९३१ मध्ये प्राध्यापकांकडून फॅसिस्ट राजवटीशी निष्ठेची शपथ घेतली. बाराशेंच्या वर प्राध्यापक, नाही म्हणणारे जेमतेम डझनभर. कामगारांची सुट्टीसुद्धा 'दोपोलावोरो' या राजवटीच्या विरंगुळा-संघटनेच्या ताब्यात.

चहाबिस्कीट: बरं, पण फॅसिस्ट का? 'फाशिस्त' लिहा. लहानपणी मला वाटायचं, फाशी देतात म्हणून फाशिस्त!

निवृत्त मास्तर: फाशीचा काही संबंध नाही. उच्चार मात्र इटालियनला तोच जवळचा. मूळ शब्द 'फाशो', म्हणजे जुडी. १८९०च्या दशकात सिसिलीतल्या शेतकरी-कामगारांच्या संघटनाही 'फाशी'च, फाशोचं अनेकवचन. तेव्हा तो डाव्यांचा शब्द होता.

वऱ्हाडी: जुडी कोथिंबिरीची असते, मास्तर. आजोबा मराठा पलटणीतून १९४४ ला इटलीत होते. तिथलं दोन लिऱ्यांचं १९२३ चं नाणं घरी आहे. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला हाच तुमचा फाशो: पट्ट्यांनी करकचून बांधलेल्या काठ्या, त्यांत कुऱ्हाड. आजोबा त्याला मोळीच म्हणायचे.

चहाबिस्कीट: मोळी जळणाची. या काठ्या रोमन अधिकाऱ्यापुढे मिरवायच्या, चुलीत घालायच्या नव्हत्या. भारा म्हणा.

निवृत्त मास्तर: भारा डोक्यावर घेतात. हा शिपायाच्या खांद्यावर असे.

दौतटाक: अहो, माझं वाक्य?

वऱ्हाडी: ताई, थांबा जरा. मास्तर, मग पेंढी का नको?